रोजच्या लांब प्रवासासाठी स्वस्त, कमी खर्चाची, तरीही चालवायला मजा येईल अशी गाडी कोणती?

रोजचा_प्रवासी (धागाकर्ता)

नमस्कार.

कामाचे ठिकाण बदलल्यामुळे मला यापुढे रोज जाऊन-येऊन १२० किलोमीटर गाडी चालवावी लागणार आहे. त्यातले साधारण ९० किलोमीटर महामार्गाचे आहेत, काही भाग डोंगरातल्या वळणांचा आहे आणि उरलेला शहरातल्या सिग्नलांचा. वर्षाला कामाचे २३० दिवस धरले, तर एकूण अंतर २७,६०० किलोमीटर होते. सध्याची गाडी मोठी, जड आणि इंधन पिणारी असल्यामुळे ती या कामाला परवडणार नाही, हे उघड आहे.

ज्यांना विचारले त्या सर्वांनी एकच सल्ला दिला, की सर्वांत जास्त ॲव्हरेज देणारी गाडी घे आणि विषय संपव. मात्र मला गाडी चालवायला मनापासून आवडते आणि रोजचे दोन तास नुसते सोसण्यात घालवायचे, ही कल्पना सहन होत नाही. म्हणून विचारतो, की स्वस्तात मिळणारी, चालवायला कमी खर्च येणारी आणि तरीही वळणावर चेहऱ्यावर हसू आणणारी गाडी खरोखर असते का, की या तिन्हींपैकी एकावर पाणी सोडावेच लागते?

गाडी वापरलेली चालेल, किंबहुना माझ्या बजेटमध्ये वापरलेलीच बसेल. बहुतेक वेळा गाडीत मी एकटाच असेन. हाताने गिअर टाकण्याची सवय आहे आणि आवडही आहे, पण तो हट्ट नाही.

आकडेमोड

आधी ॲव्हरेजच्या आकड्याने होणारी फसगत दूर करू. आपण एका लिटरमागे किती किलोमीटर असा हिशेब करतो आणि त्यामुळे वरच्या टोकाचे फरक प्रत्यक्षापेक्षा मोठे भासतात. १० चे ॲव्हरेज देणारी गाडी विकून १२ ची घेतली, तर तुमच्या २७,६०० किलोमीटरमागे ४६० लिटर वाचतात. २० ची विकून २४ ची घेतली, तर आकड्यातली वाढ दुप्पट दिसते, पण वाचतात फक्त २३० लिटर. म्हणजे जड गाडी सोडून कोणत्याही बऱ्या लहान गाडीत बसलात, की मोठी बचत तिथेच होऊन जाते आणि त्यानंतरची धडपड तुलनेने थोड्या लिटरांसाठी असते.

आता तुमच्या प्रश्नाला हे लावून पाहा. समजा, चालवायला चांगली असलेली गाडी प्रत्यक्षात १८ चे ॲव्हरेज देते आणि निव्वळ काटकसरी गाडी २२ चे. वर्षाचा फरक सुमारे २८० लिटरचा, म्हणजे कामाच्या एका दिवसामागे सव्वा लिटरचाही नाही. रोज दोन तास आवडत्या गाडीत बसण्याची किंमत सव्वा लिटर इंधन असेल, तर ती द्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी देईन.

दुसरी गोष्ट वेगाची. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी १०० ऐवजी १२० ने गेलात, तर हवेचा रोध ४४ टक्क्यांनी वाढतो. टायर रस्त्यावर फिरताना होणारा रोध, म्हणजे रोलिंग, मात्र जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे लहान हॅचबॅकला सपाट रस्त्यावर एक किलोमीटर ढकलायला लागणारी एकूण ऊर्जा माझ्या ढोबळ हिशेबाने तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाढते. तुमच्या ९० किलोमीटर महामार्गावर त्या बदल्यात वाचतात दोन्ही वेळचे मिळून नऊ मिनिटे. गाडी निवडताना जे चार-पाच टक्के मिळवण्यासाठी लोक रात्ररात्र तक्ते चाळतात, त्याच्या कितीतरी पट उजव्या पायातून मिळतात.

कंपन्यांनी छापलेल्या आकड्यांची तुलना करताना गाडीचे साल पाहा. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी ही चाचणी लागू होऊ लागली. त्याआधीच्या एनईडीसी चाचणीचे आकडे वास्तवापासून बरेच लांब असत. २०१४ ची गाडी कागदावर २०१९ च्या गाडीपेक्षा काटकसरी दिसली, तर तो फरक इंजिनाचा असेल किंवा नुसता चाचणीचा असेल.

शेवटचा आणि खरे तर सर्वांत मोठा खर्च घसाऱ्याचा. नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वाधिक उतरते, मग उतार सौम्य होत जातो. पाच-सहा वर्षांची गाडी घेणाऱ्याने तो उभा उतार दुसऱ्याच्या खिशातून पार केलेला असतो. अर्थात, तुमचे वार्षिक अंतर पाहता तुम्ही विकायला काढाल तेव्हा मीटरवरचा आकडा मोठा असेल आणि किंमत पडलेली असेल, हे आत्ताच धरून चाला.

वळणवाट

आकडेमोड यांच्या सव्वा लिटरला माझा दुजोरा. आता मजेच्या बाजूने लिहितो, कारण याबाबतही बरेच गैरसमज आहेत.

मजा म्हणजे अश्वशक्ती, हा त्यातला पहिला. रोजच्या रस्त्यावर २५० अश्वशक्तीची गाडी तिच्या क्षमतेच्या जेमतेम चौथ्या हिश्शात वापरता येते. उरलेले सगळे तुम्ही विकत घेतलेले, पण वापरता न येणारे असते. याउलट ९०-१०० अश्वशक्तीची आणि एक टनाच्या आसपास वजन असलेली गाडी पूर्ण ताकदीने दुसऱ्या गिअरमध्ये ओढून नेली, तरी तुम्ही महामार्गाच्या वेगमर्यादेच्या आत असता. मजा वजनात असते, स्टीअरिंग किती खरे बोलते त्यात असते, गिअर टाकताना हाताला जाणवणाऱ्या खटक्यात असते आणि पाय दाबल्यावर इंजिन किती तत्परतेने उत्तर देते त्यात असते. या चारही गोष्टी ताशी ५० लाही अनुभवता येतात.

माझदाने एमएक्स-५ ही दोन सीटची, उघडता येणाऱ्या छताची गाडी १९८९ मध्ये आणली, तेव्हा तिचे इंजिन अवघे १.६ लिटरचे होते आणि वजन एक टनाच्या आत होते. तिच्या चार पिढ्या झाल्या, पण ताकदीची स्पर्धा तिने कधी केली नाही. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ ही स्पोर्ट्स गाडी आणली, तेव्हा तिला त्यांच्याच काटकसरी प्रियसवरही येणारे, फारशी पकड नसलेले टायर दिले. हेतू असा, की गाडी कमी वेगातच हलकी हलकी सरकू लागावी आणि चालवणाऱ्याला ते कळावे. ज्या गाडीची पकड कधी सुटतच नाही, तिच्यात बसून वळण कापणे म्हणजे लिफ्टमधून मजले चढण्यासारखे आहे. पोहोचता, पण आपण काही केले असे वाटत नाही.

तुमच्यासाठी ही नावे सुचतात. त्यांपैकी काही तुमच्या बाजारात मिळतील, काही नाही.

सुझुकी स्विफ्ट. साधी, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नसलेली, हाताच्या गिअरची. २०१७ पासूनची पिढी एक टनाच्या आत भरते आणि वळणावर चपळ आहे. त्याच पिढीतली १.४ लिटर टर्बोची स्विफ्ट स्पोर्ट मिळाली, तर मोह आवरणार नाही, पण तिचा विम्याचा हप्ता आणि टायरची किंमत आधी पाहून घ्या.

माझदा २, म्हणजे २०१४ पासूनची पिढी, १.५ लिटर. टर्बोशिवायचे, १४:१ पर्यंत कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण दाबण्याचे प्रमाण) असलेले, माझदा ज्याला स्कायॲक्टिव्ह म्हणते ते इंजिन, उत्तम गिअरबॉक्स आणि या आकाराच्या गाडीत क्वचित दिसणारी बसण्याची योग्य जागा. डिकी आणि मागची सीट मात्र लहान आहे.

होंडा जॅझ, जिला काही देशांत फिट म्हणतात. हिची ख्याती जागेची आहे, कारण इंधनाची टाकी पुढच्या सीटखाली असल्याने मागची सीट पूर्ण सपाट दुमडते. गिअर टाकायला गाडी सुरेख आहे, पण स्टीअरिंग माझ्या मते जरा मुके आहे.

फोक्सवॅगन अप. तीन सिलिंडर, एक लिटर, ताकद बेताची. शहरात धमाल आहे, पण ९० किलोमीटर महामार्गाला मी देणार नाही. हिची जीटीआय आवृत्ती वेगळी, ११५ अश्वशक्ती आणि वजन एक टनाच्या आसपास. ती मात्र सेकंडहँड बाजारातही भाव सोडत नाही.

नुसतेच_वाचतो

लिफ्टची उपमा आवडली. एमएक्स-५ च का नको, हे कोणी सांगेल का? धागाकर्ते एकटेच तर प्रवास करणार आहेत.

वळणवाट

मीही तोच विचार करत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिल्या दोन पिढ्यांत महामार्गावर इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर गुणगुणत राहते, कापडी छतातून वारा आणि शेजारच्या ट्रकचे टायर ऐकू येतात आणि दीड तासानंतर कान थकतात. रविवारी सकाळी हेच सारे हवेहवेसे वाटते, पण कामाच्या दिवशी संध्याकाळी नाही. २००५ ची तिसरी पिढी बरी, २०१५ ची चौथी त्याहून बरी, पण चौथीची किंमत तुमच्या बजेटबाहेर असण्याची शक्यता आहे. जुन्या गाड्यांना गंज लागतो, तोही नेमका जिथे दिसत नाही तिथे. एखाद्याकडे दुसरी गाडी असेल, तर जरूर घ्यावी. एकुलत्या एक रोजच्या गाडीसाठी मी जपून हो म्हणेन.

मेस्त्रीबुवा

वरच्या मंडळींनी आकडे आणि आनंद दोन्ही सांगितले. मी गॅरेजच्या बाजूने लिहितो. वर्षाला २७,००० किलोमीटर म्हणजे तीन वर्षांत गाडीवर ८०,००० हून अधिक चढणार, तेव्हा घेतानाच ती कोणत्या टप्प्यावर आहे, हे महत्त्वाचे ठरते.

मीटरवरच्या मोठ्या आकड्याला घाबरू नका. महामार्गावर चाललेली दीड लाख किलोमीटरची गाडी अनेकदा शहरात चाललेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा सुदृढ असते. महामार्गावर इंजिन तापमानावर असते, क्लच क्वचित दाबला जातो, ब्रेक कमी झिजतात आणि दारेही कमी उघड-बंद होतात. पाहायचे ते सर्व्हिसिंगचे कागद. तेल कोणत्या अंतरावर बदलले, कूलंट कधी बदलले, ब्रेक ऑइल कधी बदलले, याची सलग नोंद असेल तर मालक शिस्तीचा होता असे समजावे. नोंद नसेल, तर गाडी कितीही चकचकीत असली तरी मी सोडून देतो.

इंजिन टर्बो नसलेले घ्या, हा माझा आग्रह राहील. टर्बो वाईट असतो असे नाही. लहान टर्बो इंजिने कमी फेऱ्यांवर छान ओढतात आणि महामार्गावर आरामही देतात, पण वय झाल्यावर टर्बो, त्याचे नळ, इंटरकूलर आणि सेन्सर अशी खर्चाची एक साखळीच सोबत येते. काही लहान तीन सिलिंडर इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा, तेलातच फिरतो. चुकीचे तेल घातले किंवा बदलायला उशीर झाला, की त्या रबराचे कण सुटून तेलाच्या पंपाची जाळी बुजवू शकतात आणि मग इंजिनच जाते. अशी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचा पुरावा मागा, तोंडी शब्दावर राहू नका.

साधा, बाहेर असलेला टायमिंग बेल्ट हा काही दोष नाही. त्याचे अंतर आणि वर्षे दोन्ही ठरलेली असतात, त्यांपैकी जे आधी येईल तेव्हा तो वॉटर पंपासकट बदलायचा. बहुतेक आधुनिक इंजिनांत बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात, म्हणून चालढकल नको. बेल्टऐवजी चेन असेल तर थंड इंजिन सुरू करून ऐका. पहिल्या काही सेकंदांनंतरही खुळखुळ चालू राहिली, तर चेन ढिली झाली आहे. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेट गरम लागले, तर आवाज लपवला जात असण्याची शक्यता धरा.

डिझेलचा प्रश्न कोणीतरी काढेलच. तुमचे अंतर डिझेलला अगदी साजेसे आहे, कारण धुराड्यातला काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्यासाठी लांब, गरम धाव मागतो आणि ती त्याला रोज मिळेल. शहरात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्यांचे फिल्टर चोंदतात, तुमचा चोंदणार नाही. पण वापरलेल्या डिझेलमध्ये इंजेक्टर, टर्बो, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारे जोडचाक) आणि तो फिल्टर असे चार मोठे खर्च दबा धरून असतात. त्यातला एक जरी निघाला, तरी इंधनातली काही वर्षांची बचत गेली. शिवाय अनेक शहरांत जुन्या डिझेलवर निर्बंध आले आहेत आणि येत आहेत, ते तुमच्या मार्गावर आहेत का, हे पाहा.

गिअरबॉक्स हाताचाच बरा. ड्राय क्लचचा ड्युअल क्लच, म्हणजे तेलात न बुडलेल्या दोन क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स सिग्नलच्या रांगेत मुंगीच्या पावलाने सरकवला, की क्लच तापतात आणि झिजतात. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला स्वयंचलित गिअरबॉक्स, ॲव्हरेजला चांगला असतो, पण चढावर पाय दाबला की इंजिन ओरडते आणि गाडी मागून सावकाश येते, म्हणजे धागाकर्त्यांना जी मजा हवी तीच तो काढून घेतो.

शांत_इंजिन

विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांचे नावही निघाले नाही, म्हणून लिहितो.

हायब्रिडची बचत मुख्यतः थांबत-निघत जाणाऱ्या रस्त्यावर होते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत परत घेते. एकसारख्या वेगाने महामार्गावर चालताना परत घेण्यासारखे फारसे काही नसते, तरी ॲटकिन्सन पद्धतीचे (ताकदीपेक्षा काटकसरीला झुकते माप देणारे) इंजिन आणि कमी हवारोध यामुळे प्रियससारखी गाडी तिथेही काटकसरीच ठरते. चालवायला मजेदार म्हणून मात्र तिचे नाव घेणे अवघड आहे. होंडाने २०१० मध्ये सीआर-झेड ही हाताच्या सहा गिअरची हायब्रिड काढली होती. मागे जागा नाममात्र, पण एकट्याच्या रोजच्या प्रवासाला ती चमत्कारिकरीत्या फिट्ट बसते. चांगली मिळाली तर पाहाच. तिच्याही आधी, १९९९ ची पहिली होंडा इनसाइट ॲल्युमिनियमच्या बांध्याची, एक टनाहून बरीच हलकी आणि ०.२५ हवारोध गुणांकाची होती. आज ती घेणे म्हणजे संग्राहकाचे काम आहे, पण हलकेपणाने काय साधते, हे दाखवणारी गाडी म्हणून उल्लेख केला.

विजेच्या गाडीबाबत खरा प्रश्न घरी चार्जिंगची सोय आहे का, हा आहे. ती असेल, तर तुमचा प्रवास तिच्यासाठी आदर्श आहे. लहान विजेची गाडी महामार्गाच्या वेगाला १०० किलोमीटरमागे १५ ते २० युनिट घेते, म्हणजे तुमच्या १२० ला १८ ते २४ युनिट. निसान लीफची २०१० ची पहिली, २४ युनिटांची बॅटरी असलेली आवृत्ती आज या अंतराला पुरणार नाही. २०१७ नंतरची ४० युनिटांची लीफ बॅटरी काहीशी उतरली असली तरी पुरेल, मात्र या दोन्ही लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची व्यवस्था नाही, त्यामुळे उष्ण हवेत आणि वारंवार जलद चार्जिंगवर काढलेली गाडी टाळा. कडक थंडीत पल्ला बराच घटतो, तेही हिशेबात धरा.

आणि मजा? बीएमडब्ल्यूची आय-३, जी २०१३ मध्ये आली, ती पाहा. कार्बन फायबरचा सांगाडा, मागच्या चाकांना ताकद, वजन १,२०० किलोच्या आसपास आणि मोठ्या व्यासाचे, पण आश्चर्य वाटावे इतके अरुंद टायर. दिसायला विचित्र आहे आणि सिग्नलवरून अशी सुटते, की बाजूचे पाहत राहतात. तिच्या टायरचा आकार इतका निराळा आहे, की ते फार थोड्या कंपन्या बनवतात, हा तिचा छुपा खर्च.

रोजचा_प्रवासी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढे नेमके प्रतिसाद येतील, असे वाटले नव्हते.

विजेची गाडी मला मनातून पटते, पण गाडी लावण्याची माझी जागा भाड्याची आहे आणि तिथे वीज ओढून घेण्याची परवानगी नाही. कामाच्या ठिकाणीही चार्जिंगची सोय नाही. रोज सार्वजनिक चार्जरवर थांबणे म्हणजे आणखी अर्धा-पाऊण तास घालवणे, त्यामुळे तूर्त तो पर्याय बाजूला ठेवतो. डिझेलही मेस्त्रीबुवांच्या प्रतिसादानंतर यादीतून काढले.

स्विफ्ट आणि माझदा २ या दोघींवर मन बसले आहे. आणखी काही पाहायचे राहिले आहे का?

सरळ_रस्ता

मला या सर्व चर्चेत थोडा भाबडेपणा दिसतो. महामार्गावर ताशी १०० ने, एका रेषेत, ट्रकच्या मागे जाताना कसली मजा? सर्वांत स्वस्त आणि कंटाळवाणी, पण आरामदायी गाडी घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत सुट्टीच्या दिवसासाठी एखादी जुनी मजेदार गाडी ठेवावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आकडेमोड

सरळ_रस्ता, तुमचा मार्ग ज्यांच्याकडे दोन गाड्या लावायला जागा आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. पण दोन गाड्या म्हणजे दोन विमे, दोन कर, दोन बॅटऱ्या आणि कमी वापरामुळे तडकणारे टायर. शिवाय तासांचा हिशेब पाहा. सरासरी ताशी ६० धरली, तर धागाकर्ते वर्षाला ४६० तास रोजच्या गाडीत असतील. सुट्टीच्या गाडीत ते किती तास बसणार? दर आठवड्याला दोन तास म्हटले, तरी शंभरच होतात. जिथे जास्त वेळ जातो तिथला आनंद स्वस्त पडतो.

आरामाबाबतचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे आणि वर कोणीच तो नीट मांडलेला नाही.

पाठीचा_कणा

तो मी मांडतो, कारण माझाही प्रवास जवळपास एवढाच आहे आणि माझ्या मते या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग सीट हाच आहे.

स्टीअरिंग फक्त वर-खाली होते की पुढे-मागेही सरकते, हे पाहा. अनेक स्वस्त गाड्यांत ते पुढे-मागे सरकत नाही. मग पाय नीट बसवावे तर हात ताणले जातात आणि हात नीट ठेवावे तर गुडघे दुमडून राहतात. सीटचा पुढचा भाग मांडीला गुडघ्यापर्यंत आधार देतो का, हे तपासा. दहा मिनिटांत ते कळत नाही, चाळीस मिनिटांनंतर कळते. क्लचचा पेडल आणि स्टीअरिंग एका रेषेत नसतील, तर कंबर रोज थोडी पिळली जाते. डावा पाय टेकवायला पेडलशेजारी जागा आहे का, हेही बघावे, कारण महामार्गावर तो पाय बराच वेळ रिकामा असतो.

दुसरे म्हणजे आवाज. लहान गाड्यांत शेवटचा गिअर अनेकदा आखूड असतो आणि ताशी ११० ला इंजिन ३,००० फेऱ्यांच्या वर फिरत राहते. म्हणून गाडी पाहायला गेलात की ती महामार्गावर न्याच आणि त्या वेगाला टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा, काटा कुठे आहे, हे पाहा. स्विफ्टला बहुतेक ठिकाणी पाच गिअर आहेत, माझदा २ च्या काही आवृत्त्यांना सहा मिळतात. सहावा गिअर असलेली मिळाली, तर थोडे जास्त मोजायला हरकत नाही. शक्य असेल तर तेच मॉडेल एखाद्या दिवसासाठी भाड्याने घ्या आणि स्वतःच्या मार्गावर, कामाच्या वेळेला चालवा.

तिसरे, जे जाहिरातीत कोणी लिहीत नाही, ते म्हणजे हेडलाइट. वर्षातले काही महिने तुम्ही दोन्ही वेळा अंधारात असाल. काच पिवळी पडलेली, वाती थकलेल्या गाडीत दोन तास डोळे ताणून बसणे, ही पाठदुखीइतकीच वाईट गोष्ट आहे.

आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागताच एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) नसलेली गाडी, कितीही मजेदार असली तरी, एवढ्या अंतरासाठी घेऊ नका. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला ते बंधनकारक झाले आणि अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून. इतरत्र एकाच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीत ते नसणे आणि महागड्यात असणे, असे घडते. म्हणून नेमकी ती गाडी तपासा.

नुसतेच_वाचतो

हेडलाइटच्या मुद्द्याला +१.

वळणवाट

सरळ_रस्ता यांना उत्तर द्यायचे राहिले. महामार्गावर मजा नसते, हे मान्य आहे. पण धागाकर्त्यांच्या मार्गात डोंगरातला तुकडाही आहे, सिग्नलही आहेत आणि महामार्गावर चढण्या-उतरण्याची वळणेही आहेत. मजेदार गाडीत ही ठिकाणे वाट पाहावी अशी होतात. माझ्या मार्गावर महामार्गाला जोडणारे एकच लांब वळण आहे. ते वेग फार न घालवता, ब्रेकला हात न लावता, आधीच योग्य गिअर टाकून सफाईने पार करणे, हा माझा रोजचा खेळ आहे. योगायोगाने त्याच सवयीने इंधनही वाचते, कारण ब्रेक म्हणजे आधीच जाळलेले इंधन उष्णता करून फेकून देणे. हलक्या, कमी ताकदीच्या गाडीत मजा आणि काटकसर एकमेकींच्या आड येत नाहीत, ते यामुळे.

रोजचा_प्रवासी (धागाकर्ता)

काही दिवस घेऊन दोन्ही गाड्या माझ्या मार्गावर चालवून पाहिल्या.

स्विफ्ट डोंगरात अधिक खेळकर वाटली, इंजिनही आनंदाने फिरते. पण मला मिळालेल्या गाडीत स्टीअरिंग पुढे-मागे होत नव्हते आणि पाठीचा_कणा यांनी लिहिले तसे तासाभरात खांदे बोलू लागले. माझदा २ मध्ये पाय, हात आणि पाठ तिन्ही जागच्या जागी बसले आणि गिअर टाकताना तो खटका खरोखर जाणवतो. महामार्गावर रस्त्याचा आवाज येतो, मात्र इंजिनाचा फारसा नाही. जी पाहिली ती सहा गिअरची, सहा वर्षांची, बहुतेक महामार्गावर चाललेली आहे आणि सर्व्हिसिंगच्या सर्व नोंदी आहेत. थंड इंजिन सुरू करून ऐकले, खुळखुळ नाही. निर्णय जवळपास झाला आहे.

दोन शंका उरल्या. मेस्त्रीबुवा, या इंजिनात वेगळे काही पाहायचे का? आणि गाडीला सध्या १६ इंची चाके आहेत, टायर बदलायला आले आहेत. ते तसेच ठेवावेत, की १५ इंची चाके शोधावीत?

मेस्त्रीबुवा

इंजिनाला टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्टचा खर्च नाही. इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते, म्हणून हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह इंधनाने धुवून निघण्याची सोय नसते आणि कालांतराने त्यांच्यावर काजळी बसू शकते. तुमच्यासारख्या लांब, गरम धावांत ते प्रमाण कमी राहते. थंड असताना इंजिन अडखळते का आणि एका जागी उभी असताना फेऱ्या वर-खाली होतात का, एवढे पाहा. स्कॅनर लावून बिघाडाचे जुने कोड वाचून घ्या. विकणाऱ्याने आदल्या दिवशीच ते पुसले असतील, तर तपासण्या अपूर्ण असल्याचे स्कॅनर दाखवतो, आणि तेही एक उत्तरच आहे. मागच्या टायरांची आतली कड हाताने चाचपा. ती करवतीसारखी लागली, तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचे रबरी बुश पाहायला हवे.

चाकांबाबत, या गाडीला कंपनीकडूनच १५ इंचीवर १८५/६५ आणि १६ इंचीवर १८५/६० असे दोन आकार येत. रुंदी तीच आहे, म्हणजे पकडीत फरक नगण्य. १५ इंची टायर सहसा स्वस्त असतात, निवडीला जास्त कंपन्या मिळतात, आणि रबराची भिंत थोडी जाड असल्याने खड्ड्यांत रिम वाचते. वर्षाला २७,००० किलोमीटर म्हणजे टायरचा संच दीड-दोन वर्षांत संपणार, तेव्हा हा फरक पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. वापरलेली कंपनीची १५ इंची चाके सरळ, न ठोकलेली मिळाली तर घ्या. नाही मिळाली, तर आहेत तीच ठेवा, त्यासाठी वेगळी खटपट नको.

टायर घेताना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी आधी पाहा, रोलिंगची नंतर. आणि हवा दर पंधरा दिवसांनी टायर थंड असताना तपासा, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. गाडी घ्यायला जाल तेव्हा डिकीचे झाकण उचलून स्टेपनी आहे की नुसते पंक्चरचे किट आहे, तेही बघून ठेवा. किट असेल तर त्यातल्या बाटलीवरची मुदत संपलेली असते, असा अनुभव आहे.